मनोरीचं खारं बी

बोरिवली,
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

किरण,

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. रविवार, ६ ऑक्टोबर. आगेरा, नव्या भाताच्या आशीर्वादाचा सण. सकाळी पावणेसात वाजता मार्वे जेट्टीवर तू मला नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी दिलीस. "काल संध्याकाळी कापली, आपल्या शेतातली," असं म्हणालास.

२. नऊच्या मिस्साला इतर घरांच्या जुड्यांबरोबर फादरांनी तिला आशीर्वाद दिला.

३. घरी आल्यावर जुडी पप्पांच्या हातात दिली. पक्षाघातानंतर त्यांच्या उजव्या हाताला संवेदना यंदा ऑगस्टमध्ये परत आली आहे. त्यांनी लोंब्या अंगठ्याने चोळल्या आणि विचारलं, "कुसळं कुठे गेली गं?" मी म्हटलं, "बोटीत गळली असतील." जुडी दरवर्षीसारखी क्रुसाखाली टांगली.

४. रविवार, १३ ऑक्टोबर. संडे स्कूलच्या मुलांना बियाण्याचा धडा होता. पप्पांना विचारून जुडीतले दीडशे दाणे घेतले. तीन ट्रे, प्रत्येकी पन्नास दाणे. पहिल्याला नळाचं पाणी, दुसऱ्याला लिटरमागे पाच ग्रॅम मीठ, तिसऱ्याला दहा ग्रॅम.

५. रविवार, २७ ऑक्टोबर. मुलांनी जिवंत रोपं मोजली. पहिल्यात सत्तेचाळीस, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात एकही नाही.

६. हाच धडा २०१९ मध्ये पप्पांनी आपल्या शेतातल्या दाण्यांवर घेतला होता. मोजणी त्यांच्या हस्ताक्षरात वहीत आहे: अठ्ठेचाळीस, पंचेचाळीस, छत्तीस.

७. काल मी जुडीतले पाच दाणे नखाने सोलले. आतला तांदूळ पांढरा आहे.

आपल्या खाऱ्या भाताचा तांदूळ लाल असतो आणि दाण्याला लांब कुसळ असतं. हे तुला मी सांगायला नको. आशीर्वादाची जुडी आपल्यात कोणी सोलत नाही. वर्षभर क्रुसाखाली राहते, आणि मे महिन्यात तिचे दाणे मी परत तुझ्याकडे पाठवते, पेरणीच्या बियाण्यात मिसळायला. म्हणून आतापर्यंत कोणी पाहिलं नाही. मी रोज आठ तास अंधेरीच्या प्रयोगशाळेत लोकांच्या विहिरींचं आणि टाक्यांचं पाणी तपासते. घरात टांगलेली जुडी मी तपासली नाही, कारण ती तू दिली होतीस.

ही जुडी कुठून आणलीस?

रोवेना

*

मनोरी,
१४ नोव्हेंबर २०२४

रोवे,

काय गं, एकदम पोलीस पंचनामा? "पावणेसात वाजता" म्हणे. अगं, बोट दहा मिनिटं लेट होती, ते पण लिही ना.

ऐक. यंदा खेकड्यांनी बांधाला इतकी भोकं पाडली की अर्धं पीक आडवं झालं. जे उभं राहिलं त्यात शेजारच्या खंडूचं बी मिसळलं, कारण जूनमध्ये त्याच्या खाचरातलं पाणी आपल्यात उतरलं होतं. त्याचं भात संकरित, बिनकुसळाचं. घाईत कापताना माझ्या हाती नेमकी तीच लोंबी लागली असणार. बस, एवढंच. तू लगेच लॅबचा रिपोर्ट काढलास. तुझं लग्न झालं की नवऱ्याचं काय होणार ते देव जाणे, बिचाऱ्याचा चहासुद्धा ट्रेमध्ये ठेवून मोजशील.

खरं सांगू, तुझं पत्र वाचून मला तुझ्या पप्पांची, माझ्या मोठ्या पप्पांची, वहीच आठवली. आपण दोघं सात-आठ वर्षांचे असताना पहिल्या नांगरटीला ते आपल्याला बांधावर बसवायचे आणि एका ढेकळात किती गांडुळं ते मोजायला लावायचे. तू मोजायचीस, मी फेकायचो तुझ्या अंगावर. गुड फ्रायडेला मातीत कुदळ घालायची नाही, त्या दिवशी जमिनीलाही सुट्टी, असं सांगायचे. सुगरणीचं घरटं खाली पडलेलं मिळालं तरी घरी न्यायचं नाही, कारण पक्षी परत येऊन गवत सोडवून नेतो. मी एकदा नेलं होतं तर मला परत पाठवलं ठेवायला, भर उन्हात. आठवतं?

आणि हंगामाचं पत्र. "जो शेतावर, त्याने शेतावर नसलेल्याला लिहायचं." त्यांचाच नियम ना? ते आजारी पडून बोरिवलीला आले तेव्हापासून वर्षाला चार पत्रं मी न चुकता पाठवतोय. फोनवर चालत नाही त्यांना. एवढं लिहिणारा चुलतभाऊ तुला खोटा वाटतो?

आणि एक विचारतो, राग धरू नकोस. हे सगळं जमिनीच्या कागदांसाठी तर नाही ना? तुला नावबिव लावायचं असेल तर सरळ बोल. मी काय नाही म्हणणार आहे?

मोठ्या पप्पांना उगाच काही सांगू नकोस. आईने तुझ्यासाठी बॉटल मसाला काढून ठेवलाय, पुढच्या फेरीला देतो.

तुझा
किरण

*

बोरिवली,
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

किरण,

काल मी मनोरीला आले होते. तुमच्या घरी आले नाही. साडेदहाच्या बोटीने उतरले आणि सरळ शेतावर गेले.

शेत नाही.

उघाडीचं फळ्यांचं दार होतं तिथे बांधाला सुमारे वीस फुटांचं भगदाड आहे. त्यातून भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला बाहेर जातं. आत चिखल आहे आणि चिखलात तिवरांची झाडं उभी आहेत. मी मोजायचा प्रयत्न केला. दोनशेनंतर सोडून दिलं. सगळ्यात उंच माझ्या कमरेच्या वर आहेत. एवढी वाढ एका पावसाळ्याची नसते. भाताचा खुंटही कुठे नाही. भगदाडाजवळचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि आज मोजलं. समुद्राचं पाणी आहे, फरक नावापुरता.

खंडू बांधावर जाळं सुकवत होता. मला ओळखलं.

"इनासभाऊंची मुलगी ना तू? बरे आहेत का भाऊ?"

मी म्हटलं, बरे आहेत. विचारलं, तुमचं पाणी यंदा आमच्या खाचरात उतरलं होतं का?

तो हसला. "कुठलं खाचर, बाय? तिसरा पाऊस गेला याला. किरणने सांगितलं नाही होय? मी म्हटलं त्याला, चार माणसं जमव, आठवड्यात बांध घालू. तो म्हणाला, भाऊंनी बोरिवलीहून निरोप दिलाय, राहू दे म्हणून."

पप्पांनी असा निरोप दिलेला नाही. ते आजही दर अमावास्या-पौर्णिमेला शेवंतीबाईंना कॅलेंडर दाखवून सांगतात, "आज किरणला उघाडीवर जावं लागेल." शेवंतीबाई दिवसा त्यांचं पाहतात. त्यांनाही आता भरतीचं वेळापत्रक पाठ झालं आहे.

कागदांबद्दल विचारलंस. जमीन पप्पांच्या नावावर आहे, मला माझं नाव लावायचं नाही. एवढंच त्या प्रश्नाचं उत्तर.

तुझी जुनी पत्रं काल संध्याकाळी काढली. सप्टेंबर २०२३ चं: "लोंबी दुधावर आली आहे, चिमटीत दाबली की पांढरं येतं. काल बगळे मोजले, चौदा." त्या सप्टेंबरमध्ये तिथे तिवरं होती. चौदा हा आकडा तू का निवडलास, हे मला कळलेलं नाही. तेरा चालले असते.

तू काय केलंस आणि कधी, ते लिही. विनोद नकोत.

रोवेना

*

मनोरी,
२० डिसेंबर २०२४

रोवेना,

चार वेळा लिहून फाडलं. आता लिहितो तसं वाच.

२०२२ चा जुलै. पौर्णिमेची मोठी भरती दुपारी एकच्या सुमाराला होती. शेतात पावसाचं पाणी तुंबलं होतं म्हणून सकाळी ओहोटीला मी उघाडीच्या फळ्या काढल्या. बारापर्यंत परत लावायच्या होत्या. त्याच वर्षी मी इथल्या एका कॉटेजवर कामाला लागलो होतो. त्या दिवशी अठरा पाहुणे जेवायला होते. मासे तळायचे, बियर थंड करायची, त्यांचा एक म्हातारा घसरून पडला त्याला उचलायचं. मी घड्याळ पाहिलं तेव्हा दीड वाजला होता. धावत गेलो. फळ्या लावायला जागाच राहिली नव्हती. दोन्ही बाजूंची माती पाण्यासमोर माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी तिथे बसून रडलो, खोटं नाही सांगत. तुला आता माझं काहीच खरं वाटणार नाही, ते पण कळतं.

मोठ्या पप्पांना तेव्हा बोलतासुद्धा येत नव्हतं नीट. कसं सांगू? मनात म्हटलं, पाऊस संपू दे, बांध घालतो, मग सांगतो. मग आगेरा आला. तुझा फोन आला, "जुडी आणतोस ना?" मी हो म्हणालो. खंडूच्या खाचरातून मूठभर लोंब्या कापल्या. एक वर्ष, एवढंच, असं ठरवलं होतं. पण तू सांगितलंस, पत्र ऐकून पप्पा पहिल्यांदा हसले. मग मी पुढचं पत्र लिहिलं. लिहायला बसलो की मला शेत दिसायचं गं. बगळे दिसायचे. चौदा का, मला पण माहीत नाही.

तिवरं गेल्या वर्षी गुडघ्यापर्यंत आली तेव्हा मी जागा झालो. विचारलं एकाला. म्हणाला, आता हात लावलास तर आत जाशील, खारफुटी आहे ती, तिवर तोडायला बंदी आहे. म्हणजे वाट लागली ती लागलीच.

अजून एक आहे. तेही लिहितो.

मोठे पप्पा दरवर्षी एक पायली बी न पेरता मागे ठेवायला लावायचे. २०२१ चं ते मडकं आहे. तोंड मातीने लिंपलेलं, आईच्या खोलीत, कोरडं. खरं आपलं खारं बी आता जगात तेवढंच आहे. पण तू दर मे महिन्यात आशीर्वादाच्या जुडीचे दाणे पाठवायचीस ना? खंडूच्या भाताचे होते ते, पण आशीर्वादाचे. ते फेकणार कुठे? कोंबड्यांना घालणार? आई म्हणाली, पाप लागेल. तिलाही ते आपलेच वाटत होते. मग मी मडक्याचं तोंड फोडलं, ते आत टाकले आणि परत लिंपलं. दोन्ही वर्षी.

ख्रिसमसला येणार होतो. आता कसा येऊ?

किरण

*

बोरिवली,
६ जानेवारी २०२५

किरण,

फळ्या विसरलास, हे मी समजू शकते. माझ्या हातूनही नमुने बिघडले आहेत. पण त्याच पावसाळ्यानंतर सांगितलं असतंस तर खंडू म्हणतो तसा आठवड्यात बांध झाला असता, तेव्हा तिथे एकही तिवर नव्हतं. शेत भरतीने गेलं नाही. तू गप्प राहिलास त्या दीड वर्षात गेलं.

दोन गोष्टी कर. मडकं परत न उघडता इथे आण. कुसळ पाहून दाणे मी वेगळे करेन. तीन वर्षांहून जुनं बी आहे, त्यातही दोनदा दमट हवा लागलेली, शंभरात पाच रुजले तरी पुष्कळ. आणि पप्पांना तू स्वतः सांग, समोर बसून. राखेच्या बुधवारच्या आधी, ५ मार्चला उपवासकाळ सुरू होण्याआधी. मी तुझ्यासाठी सांगणार नाही आणि तोपर्यंत त्यांना काही कळूही देणार नाही.

रोवेना

*

मनोरी,
१२ मार्च २०२५

प्रिय मोठे पप्पा,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत सुधारतेय असं कळलं, आनंद झाला.

इकडे ऊन चढलंय. आई अंगणात मिरच्या वाळत घालते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण शिंकतो. मसाल्याची तयारी सुरू झाली. फणसाला यंदा बुंध्यापासून फळं धरली आहेत.

शेतावर राब भाजून घेतला. तुम्ही सांगता तसं आधी गवत, मग पाला, मग वरून माती, आणि वारा पडल्यावर आग. रोपांची जागा काळीभोर झाली आहे, दोन दिवस गरम होती. बांध दोन ठिकाणी लिंपला. उघाडीच्या फळ्यांना तेल दिलं. एका फळीच्या खाचेत खंड्या पक्ष्याने बसायची जागा केली आहे, रोज सकाळी तिथून मासा टिपतो. मी त्याला हाकलत नाही.

बी कोरडं आहे. काळजी नसावी.

तुमचा
किरण

*

बोरिवली,
रविवार, ४ मे २०२५

किरण,

राखेच्या बुधवारी मी तुझी वाट पाहिली. दहा दिवसांनी पाकीट आलं. नाव पप्पांचं होतं, म्हणून शेवंतीबाईंनी उघडून त्यांना वाचून दाखवलं. मी कामावरून आले तेव्हा ते खिडकीशी बसले होते, मांडीवर पत्र.

"ती भरभर वाचते," ते म्हणाले. "तू वाच."

मी हात धुतले. कपडे बदलले. पाणी प्यायले. मग समोर बसून वाचलं. राब, बांध, फळ्यांचं तेल, खंड्या. एकही शब्द गाळला नाही. मध्ये ते म्हणाले, "आग लावताना वारा पडायची वाट बघितली त्याने. बघ, शिकवलेलं राहतं." मी म्हटलं, "हो पप्पा."

तो "हो" माझा आहे. तुझ्या सगळ्या पत्रांपैकी हे एक असं आहे, जे मी खोटं आहे हे माहीत असताना त्यांना वाचून दाखवलं. तीन वर्षं तू त्यांना फसवलंस आणि मलाही. त्या संध्याकाळपासून आपण दोघं मिळून फसवतो आहोत. एवढं तुला मिळालं. मला विचारलंही नाहीस.

तू हे दुष्टपणाने केलंस असं मी म्हणत नाही. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला आनंद होतो, कोणाचं काय जातं. ज्याला शेत दिसतं अशा माणसाने लिहिलेलं ते पत्र आहे. म्हणूनच ते वाचणं मला जड गेलं. मीही त्या फळीवरचा खंड्या क्षणभर पाहिला, आणि मी नोव्हेंबरमध्ये तिथे स्वतः उभी राहून आले आहे.

त्यानंतर मी दीड महिना काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही राहिलं असं वाटत नव्हतं. आता लिहावं लागतं आहे. ईस्टरनंतर पप्पा चालण्याच्या काठीवर खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागले. डॉक्टर म्हणाले, थोडा प्रवास चालेल. गेल्या रविवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की यंदाची पेरणी ते स्वतः पाहणार. रविवार, १ जून. मी म्हटलं, बोटीत चढणार कसे?

"खुर्चीसकट उचलायचं. मनोरीची माणसं मेली काय सगळी?"

"पप्पा, बांधावर खुर्ची जाणार नाही."

"बांधावर किरण नेईल मला. पाठीवर. लहानपणी मी त्याला किती वेळा नेलंय. एकदा चिखलात पाय ठेवला की झालं, मग परत आणा मला."

शेवंतीबाई म्हणाल्या, "भाऊ, चिखल कुठे पळून चाललाय, पावसात जा की."

"तू गप गं. तुला भात कुठल्या झाडाला लागतं ते ठाऊक नाही."

दोघं हसले. त्यांनी कपाटातून जुने गमबूट काढून घेतले आहेत आणि ते आता पलंगाखाली आहेत. रोज सकाळी विचारतात, "किती दिवस राहिले?" आज अठ्ठावीस आहेत.

मी त्यांना थांबवू शकते. डॉक्टरांचं नाव सांगून, बोट बंद असल्याचं सांगून. मग जुलैत ते रोपणीचं विचारतील, सप्टेंबरमध्ये लोंबीचं, आणि प्रत्येक वेळी मला नवीन काही रचावं लागेल. तू ते कसं केलंस मला माहीत नाही. मला ते जमणार नाही, आणि जमू लागलं तर ते अधिक वाईट.

मी सांगितलं तर ते ऐकतील. पण मग ते तुझ्याबद्दल मला विचारतील, आणि तुझ्या बाजूने बोलायला माझ्याकडे काहीही नाही. तू सांगितलंस तर निदान त्यांना तुझ्यावर ओरडता येईल. तेवढा त्यांचा हक्क आहे. ते बांध, भरती, फळ्या सगळं जाणतात. दुपारी दीड वाजता तिथे काय दिसलं असेल ते तुला त्यांना समजावावं लागणार नाही.

बियाण्यासाठीही दिवस कमी आहेत. मडकं आलं की दाणे वेगळे करायला दोन दिवस, रुजतात का ते पाहायला दहा. चर्चच्या मागे विहिरीजवळची चार हात जागा फादरांनी द्यायचं कबूल केलं आहे. त्यांना मी खरं सांगितलं आहे. तिथे खारं पाणी नाही, शेतही नाही. जे रुजेल ते फक्त संपू नये म्हणून लावायचं. मे उलटला की या वर्षीची पेरणी गेली, आणि त्या बियाला अजून एक वर्ष नाही.

यापुढे पप्पांच्या नावाने एकही पत्र पाठवू नकोस. आलं तर मी ते त्यांच्यापर्यंत जाऊ देणार नाही. शेवंतीबाईंना तसं सांगितलं आहे.

मडकं घेऊन कोणत्या दिवशी येतोस आणि पप्पांशी बोलतोस की नाही, एवढंच कळव. शनिवार, १७ मेपर्यंत उत्तर दे. नाही आलं तर रविवारी मिस्साहून परतल्यावर मी त्यांना स्वतः सांगेन.

रोवेना